एका दमात वाचायचं पान

भोंग्याच्या मुलीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र लहानसं होतं, अक्षर बापासारखंच उजवीकडे कललेलं, आणि प्रश्न एकच होता.

"काका, बाबा परत यायचं म्हणतात. कारखान्याने चिमणीला नवी गाळणी बसवल्याचं त्यांना कुणीतरी सांगितलं, तेव्हापासून त्यांनी एकच धोशा लावला आहे. हवा सुधारली, आता मी माझ्या घरी राहणार. त्यांची फुफ्फुसं कितपत उरली आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. इथल्या डॉक्टरांचं ते ऐकत नाहीत, माझं तर नाहीच. तुम्ही सांगाल ते मानतील. हवा खरंच सुधारली आहे का? फोनवर विचारलं असतं, पण फोन त्यांच्या उशाशी असतो, म्हणून लिहिते आहे."

मी आयुष्यभर दुसऱ्यांनी लिहिलेलं तिसऱ्यांच्या हातात देत आलो. स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटलं की माझा हात जड होतो. पहिली ओळ लिहावी, ती आगाऊ वाटावी. खोडून दुसरी लिहावी, ती लाचार वाटावी. शिवाय मी काही डॉक्टर नाही. हवेबद्दल मत द्यायचा मला काय अधिकार, असं म्हणून मी ते पत्र शब्दकोशात ठेवलं आणि रोज शब्दकोश उघडत राहिलो.

पण नुसता संकोच असता तर एव्हाना उत्तर गेलं असतं. मला भोंगा यायला हवा होता. ही खरी अडचण होती. हवा चांगली नाही असं लिहिलं तर तो येणार नाही, आणि चांगली आहे असं लिहिलं तर येईल. आणि ती तशी नसली तर माझ्या एका ओळीवर विसंबून माझा एकुलता एक मित्र इथे येऊन गुदमरेल.

आमचं गाव म्हणजे सिमेंटचा कारखाना आणि त्याच्या भोवती कामगारांची वसाहत. टाइम ऑफिसच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं कामगार वाचनालय होतं, अजून आहे, आणि मी त्याचा ग्रंथपाल. निवृत्त होऊनही किल्ल्या माझ्याकडेच राहिल्या, कारण दुसऱ्या कुणी त्या मागितल्याच नाहीत. त्या काळी सगळ्यावर करडी-पांढरी भुकटी असायची. खिडक्या बंद ठेवल्या तरी ती आत यायची, बाकांवर, तावदानांवर, पुस्तकांच्या डोक्यावर बसायची. पुस्तक द्यायच्या आधी ते खिडकीबाहेर धरून दोनदा आपटायचं ही आमची रीत होती. कोणतं पुस्तक किती दिवसांत कुणी नेलं नाही, हे मला त्याच्या डोक्यावरच्या थरावरून कळायचं. तत्त्वज्ञानाच्या कपाटात तर पेरणी करता आली असती.

भोंगा पॅकिंग खात्यात पोती भरायचा. पाळी सुटून वर यायचा तेव्हा त्याच्या भुवया म्हाताऱ्यासारख्या पांढऱ्या झालेल्या असायच्या आणि खालचे डोळे मात्र वांड पोराचे. आमची ओळख झाली ती एका वेल्डरमुळे. त्याच्या डोळ्यांना इजा झाली होती, पट्ट्या बांधल्या होत्या, आणि वर्तमानपत्र वाचून दाखवा म्हणून तो हट्ट धरून बसला होता. मी वाचायला लागलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "अहो, तुम्ही मला वाचून दाखवताय की स्वतःशी भांडताय?"

दारात कुणीतरी हसलं. आत येऊन त्याने माझ्या हातातलं वर्तमानपत्र काढून घेतलं आणि वाचायला सुरुवात केली. खाली टाइम ऑफिसातला कारकून हातातलं काम टाकून जिन्यात येऊन उभा राहिला, असा तो आवाज. त्याचं नाव त्या दिवशीच 'भोंगा' पडलं. आणि माझं 'पुटपुटे'. दोघांनीही कुरकुर केली नाही. मला तर बरंच वाटलं. टोपणनाव मिळालं म्हणजे माणूस लोकांत गणला गेला.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी वाचन. पुस्तक मी निवडायचं, वाचायचं त्याने. लोक बाकांवर मावायचे नाहीत. खिडकीच्या कट्ट्यावर, जिन्याच्या पायऱ्यांवर बसायचे. बायका मुलांना घेऊन यायच्या. सगळ्यांचं आवडतं पुस्तक होतं एक जाडजूड जुनं प्रवासवर्णन, कव्हर निघालेलं, मीच खळ लावून पुन्हा चिकटवलेलं. त्याचं पहिलं वाक्य पानभर चालायचं. ते एका दमात वाचायचं अशी भोंग्याची प्रतिज्ञा होती. तो छाती भरून श्वास घ्यायचा, समोरची सगळी मंडळीही नकळत श्वास रोखायची, आणि जहाज बंदरातून निघायचं. वाक्य संपलं की तो पुस्तक मिटून म्हणायचा, "संपलं. घ्या आता श्वास." आणि खोलीभर सुस्कारे सुटायचे, मग हसू. असं हसू मी नंतर कुठे ऐकलं नाही.

त्याच्या बायकोला, वहिनीला, हे सगळं थिल्लर वाटायचं. पण ती यायची. तिची आणि माझ्या ताईची मैत्री होती. ताई माझ्याहून मोठी, विधवा झाल्यावर माझ्याकडे राहायला आली आणि माझं लग्न व्हायचं राहून गेलं ते तिने कधीच मनावर घेतलं नाही. दोघींची धुणी शेजारी-शेजारी. आमच्या वसाहतीत कपडे वाळत घालण्याआधी एक ओला पांढरा रुमाल दोरीवर टाकायचा. तो वाळेपर्यंत पांढरा राहिला तर बाकीचं धुणं घालायचं. करडा झाला तर वारा चिमणीकडून आहे असं समजून सगळं घरात. दर घराच्या दोरीवर सकाळी एकेकटा रुमाल लटकलेला दिसायचा. "आज साक्षीदार काय म्हणतो?" असं वहिनी भिंतीपलीकडून विचारायची. "साक्षीदार फितूर झाला," असं ताई उत्तर द्यायची, म्हणजे धुणं आत.

खोकत सगळेच होते. त्याला आम्ही कारखान्याचा खोकला म्हणायचो, जणू तोही बोनससारखा सगळ्यांना सारखा वाटला जातो. वहिनीला तो जरा जास्त वाटला गेला. ती गेल्यावर भोंग्याने वाचन सोडलं नाही, पण ते पहिलं पान सोडलं. मग एका हिवाळ्यात त्याला दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिथूनच मुलीने त्याला तिच्या गावी नेलं. ती तिकडे शाळेत शिकवते. उंचावरचं गाव आहे, झाडी आहे. घराची किल्ली त्याने माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "जरा श्वास भरून येतो."

अधूनमधून त्याचा फोन यायचा. "पुटप्या," तो म्हणायचा, मग थांबायचा. "इथली हवा इतकी स्वच्छ आहे..." पुन्हा थांबायचा. "की तिला चवच नाही." मी हसायचो. मग तो श्वास गोळा करत असायचा आणि मी शब्द. त्या आवाजाचं काय झालं होतं ते ऐकवत नसे, म्हणून मी फोन लवकर ठेवायचो आणि दिवसभर स्वतःला शिव्या घालायचो.

गाळणी बसली हे मात्र खरं होतं. चिमणीतून पूर्वी लोटच्या लोट निघायचे, आता जेमतेम पातळ रेघ. पुस्तकांवरची भुकटी गेली. रुमाल संध्याकाळपर्यंत टांगून ठेवला तरी पांढरा. ताईने तर आनंदाच्या भरात एकदा घरातले सगळे पडदे एकाच दिवशी धुऊन टाकले आणि आम्ही रात्री काचेच्या बरणीतल्या माशांसारखे झोपलो.

त्या शनिवारी सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा शब्दकोश माझ्यासमोर उघडा होता.

"बाळ, ते पत्र आता पिवळं पडेल." मी सत्तरी ओलांडली तरी ती मला बाळच म्हणते.

"काय लिहू?"

"काय म्हणजे? डोळे नाहीत तुला? बाहेर जाऊन दोरी बघ. बर्फासारखा रुमाल आहे. ये म्हणावं."

"तुझा दम्याचा पंप अजून चालू आहे ताई."

"माझं वय झालंय."

"दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या आठवतं ना? मोठी धूळ नाकात अडकते, दिसतही नाही ती बारीक आत जाते. गाळणी मोठी धूळ अडवते."

"डॉक्टरीणबाई परवा आल्यात इथे. मी त्या जन्मायच्या आधीपासून रुमाल घालते." ती माझ्यासमोर बसली. तेवढं बोलून तिला धाप लागली होती, पण तिने ती पदराआड लपवली. "अरे, तो तिकडे एकटा कुढतोय, तू इथे एकटा कुढतोयस. दोन म्हातारे एका ठिकाणी कुढाल, तेवढीच सोय."

मला हेच ऐकायचं होतं. मी कागद घेतला आणि आश्चर्य म्हणजे एकदाही न खोडता लिहिलं. चिमणीबद्दल लिहिलं, भुकटीबद्दल लिहिलं, रुमालाबद्दल तर अर्धं पान लिहिलं, आणि शेवटी: बाबांना खुशाल पाठव, मी त्यांच्याकडे लक्ष ठेवीन. पाकीट बंद करून कोटाच्या खिशात टाकलं. पोस्ट दुपारी लवकर बंद होतं. सोमवारी टाकू म्हटलं. खिशात ते पाकीट घेऊन मी संध्याकाळी वाचनालयात गेलो तेव्हा माझी चाल बदलली असावी, कारण न्हाव्याने लगेच विचारलं, "काय पुटपुटे, लॉटरी लागली?"

शनिवारचं वाचन अजून चालतं, पण आता येतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. न्हावी येतो, क्रेनवरून निवृत्त झालेला एक चालक येतो, शिंपीण येते, आणखी तीन-चार जण. शिंपीण वसाहतीतच जन्मली, इथेच वाढली, इथेच दुकान टाकलं. अजून तिशीत आहे. भोंगा गेल्यापासून बहुतेक तीच वाचते, आवाज गोड आहे. आम्ही अलीकडे विनोदी चुटके, छोट्या गोष्टी, आखूड ओळींच्या कविता असलंच वाचायचो. जाड पुस्तक काढलं की पान-दोन पानांत मंडळी चुळबुळ करायची, वाचणारा कंटाळायचा. लोकांचा धीर संपला, कुणाला लांब वाक्य सोसत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. यावर मी एकदा ताईला छोटंसं भाषणही दिलं होतं.

"भोंगा येतोय," मी म्हणालो. शक्य तितक्या मोठ्याने.

क्रेनवाल्याने गुडघ्यावर थाप मारली. न्हावी म्हणाला, "मग ते जहाज काढा! तो आला की पहिल्याच शनिवारी मागणार. त्याच्याआधी आपल्यातल्या कुणीतरी ते पान मारून दाखवायला हवं, नाहीतर जन्मभर ऐकवेल."

मी शिडी लावून वरच्या फळीवरून पुस्तक काढलं. जुन्या सवयीने खिडकीबाहेर दोनदा आपटलं; काहीच उडालं नाही. पहिलं पान उघडून शिंपिणीच्या हातात दिलं. लहान असताना ती हे वाक्य आईच्या मांडीवर बसून ऐकायची, ते मी पाहिलेलं आहे. तिने पदर खोचला, श्वास घेतला आणि सुरू केलं.

"ज्या दिवशी आमचं जहाज बंदरातून निघालं त्या दिवशी किनाऱ्यावर उभी असलेली माणसं, त्यांचे उंचावलेले हात, त्यांच्या मागची घरं, घरांमागच्या टेकड्या..."

ती थांबली. हसली. "थांबा हं, नीट घेतला नव्हता." पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा टेकड्यांपाशीच थांबली.

"अगं, जहाज अजून धक्क्यालाच आहे!" न्हावी ओरडला. "आण इकडे. बायकांचं काम नाही."

"या मामा, या. तुमची जीभ चालते ती गिऱ्हाईक खुर्चीत बांधलेलं असतं म्हणून."

न्हावी उभा राहिला. आवाज चढवून त्याने सुरुवात केली आणि घरांपर्यंतही पोचला नाही. खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. शिंपिणीने त्याला पाणी दिलं. "धक्कासुद्धा खचवलात की मामा," ती म्हणाली, आणि सगळे हसले. मग क्रेनवाला. तो किनाऱ्यावरच्या माणसांपाशी बसला. मग उरलेले, एकेक करून, पैजेवर. जो तो आधीच्यावर हसत होता आणि हसण्यानेच अर्धा दम घालवत होता. दर वेळी कुठेतरी टेकड्यांच्या अलीकडे जहाज अडकायचं.

"पुटपुटे, तुम्ही राहिलात," न्हावी डोळे पुसत म्हणाला.

मी त्या खोलीत वेल्डरनंतर कधी मोठ्याने वाचलं नव्हतं. पण माझा आवाज कसा येतो याचा विचारच त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हता. मी पुस्तक घेतलं, छाती भरेल तेवढी भरली आणि वाचलं. माणसं, हात, घरं, टेकड्या. टेकड्यांमागचं आभाळ दिसत होतं, छापलेलं, समोर, आणि तिथपर्यंत पोचायला माझ्यात काही उरलं नव्हतं. बरगड्यांच्या खाली कुणीतरी दोर आवळल्यासारखं झालं. मी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"शाबास, शिंपिणीची बरोबरी केलीत," कुणीतरी म्हणालं.

सगळे हसत होते. मी त्यांच्याकडे पाहत होतो. इतकी वर्षं मी ज्याला धीर संपणं म्हणत होतो ते धीर संपणं नव्हतंच, दम संपणं होतं. मीच दर शनिवारी कपाटापुढे उभा राहून जाड पुस्तकं टाळत, आखूड ओळींची निवडत गेलो होतो, आणि कुणीच तक्रार केली नव्हती, कारण प्रत्येकाला बरंच वाटत होतं. पुस्तकांतला माणूस म्हणवतो मी स्वतःला. कान शाबूत असून मला ऐकू आलं नाही.

मंडळी पांगल्यावर शिंपीण खिडक्या लावायला थांबली.

"तुला हे कधीपासून होतं?" मी विचारलं.

"काय, दमायला? नेहमीचंच आहे काका. मशीन चालवताना मी मनात गाणं म्हणते, तोंडाने नाही. मला वाटायचं सगळ्या जगाचंच असं असतं. मावशीकडे गेले होते ना बाहेरगावी, तिथे तिच्या वयाच्या बायका जिना चढता चढता भांडत होत्या. मी बघतच राहिले." ती हसली, मग तिचं हसू ओसरलं. "डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावलं. म्हणाल्या, तुझी फुफ्फुसं तुझ्या आईच्या वयाची आहेत. मी कुणाला सांगितलं नाही. दुकानात विचारतात लोक उगाच."

तिच्यामागे खिडकीतून वसाहतीतल्या दोऱ्या दिसत होत्या. सगळ्यांवर धुणं होतं, स्वच्छ, पांढरं.

घरी आलो तेव्हा ताई भाजी निवडत बसली होती. मी कोट न काढताच पाकीट बाहेर काढलं आणि फाडलं.

"झालं!" ताईने सुरी खाली ठेवली. "फाडलंस? आता पुढचं पत्र तू लिहीपर्यंत मी असेन की नाही कोण जाणे."

मी तिला वाचनालयातलं सगळं सांगितलं. कोण कुठे थांबलं ते सांगितलं. शिंपिणीचं सांगितलं नाही. तिचं ते तिने सांगायचं. ताई ऐकत होती. मध्ये मध्ये तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता, आणि या वेळी तिने तो लपवला नाही.

"म्हणजे रुमाल खोटं बोलतो," ती शेवटी म्हणाली.

"खोटं नाही. त्याला जेवढं दिसतं तेवढं सांगतो."

"वहिनी असती तर म्हणाली असती, साक्षीदार बदला." तिने सुरी पुन्हा उचलली. "तो मग यायचा नाही."

"नाही."

"फार वाईट वाटतंय का रे?"

मी पाकिटाचे तुकडे गोळा करायला लागलो. तिने माझ्या पाठीवर थापटलं, लहानपणी ठसका लागला की थापटायची तसं. मग तिचा आवाज नेहमीसारखा झाला.

"मग तू जा की."

"मी?"

"तुझे पाय काय त्याने जाताना बरोबर नेले? गाडी आहे, तिकीट मिळतं. वाचनालयाला कुलूप लाव, शिंपिणीकडे किल्ली दे. मला जेवू घालायला तुझी गरज नाही."

"तिच्या घरी असं जाऊन राहायचं म्हणजे... अडचण नको. मी काही कुणाकडे राहिलेलो नाही."

"तेच म्हणते मी."

रविवारचा पूर्ण दिवस मी लिहीत होतो. पुष्कळ खोडलं. शेवटी जे राहिलं ते असं:

"चि. पोरी, उत्तराला फार उशीर झाला, त्याबद्दल मनापासून माफी. हवा सुधारलेली दिसते, पण सुधारलेली नाही. आम्हा सगळ्यांना रुमालावरून वाटलं होतं, आणि मला तर तसं वाटून घ्यायचंच होतं. काल इथे आठ जणांनी जहाजाचं पान वाचून पाहिलं. बाबांना सांग, टेकड्यांच्या पलीकडे कुणीही गेलं नाही. सगळ्यांत तरुण वाचणारी तिशीतली होती. त्यांना एवढं सांगितलंस की पुरे, ते समजतील. त्यांना इथे पाठवू नकोस. मी त्यांना खुशाल पाठव म्हणून तुला लिहिलं होतं, ते पत्र फाडलं. हेही त्यांना सांग, म्हणजे मला ते यायला नको होते असं त्यांना वाटणार नाही. घराला मी दर आठवड्याला हवा..." इथे मी थांबलो, ते खोडून 'घर दर आठवड्याला झाडून काढतो' लिहिलं. "आणखी एक. तुझी गैरसोय होणार नसेल तर मी काही दिवस तिकडे येऊ का? मी फारसा बोलत नाही आणि फारसं खातही नाही. पुस्तक बरोबर आणीन. वाचताना आम्ही दोघं मध्ये मध्ये थांबू, पण आम्हाला कुठे घाई आहे. नको असेल तर तसं मोकळेपणाने कळव, मी राग मानणार नाही. तुझा, काका."

'तुझा' लिहावं की 'आपला' यावर बराच वेळ गेला.

सोमवारी सकाळी मी पोस्टात गेलो. खिडकीमागच्या कारकुनाने पाकीट हातात तोललं, मग काट्यावर टाकलं.

"वजन जास्त आहे आजोबा. आणखी एक तिकीट लागेल. एवढं काय लिहिलंय?"

"उत्तर," मी म्हणालो.

"काय?"

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मागच्या रांगेतल्या दोन माणसांनी माझ्याकडे पाहिलं. कारकुनाने दुसरं तिकीट चिकटवलं, शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.